चित्रपटांतील मॉन्युमेंट व्हॅली

अमेरिकेतील ॲरिझोना व यूटा या राज्यांच्या सीमेवर पसरलेला आणि लाल वालुकाश्माच्या सुळक्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश नॅव्हाहो या मूळनिवासी अमेरिकी जमातीच्या राखीव क्षेत्रात मोडतो. स्वतःला ‘दिने’ म्हणवणाऱ्या या लोकांची घरे आणि मेंढ्यांची कुरणे तेथे आहेत. पडद्यावर मात्र हा मुलूख जगाला ओसाड आणि बेवारस म्हणूनच ठाऊक झाला.

येथे दुकान चालवणारे हॅरी गोल्डिंग महामंदीच्या काळात परिसराची छायाचित्रे घेऊन हॉलिवूडला गेले आणि दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी ‘स्टेजकोच’चे (१९३९) काही चित्रण येथे केले. पुढे १९६४ पर्यंत ते पुनःपुन्हा येत राहिले. नॅव्हाहोंना त्यातून मजुरी मिळाली आणि हलाखीच्या त्या दिवसांत तिचे मोल थोडे नव्हते. पण वाट्याला भूमिका आल्या त्या अपाची, कोमांची किंवा शायान अशा इतर जमातींच्या लोकांच्या, त्याही जमावातल्या. ‘द सर्चर्स’मधील (१९५६) कोमांची म्होरक्या बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी साकारला. शायानांवरील अन्यायाची कणव बाळगणाऱ्या ‘शायान ऑटम’मध्येही (१९६४) शायान म्हणून कानी पडते ती नॅव्हाहो भाषा.

भूमीचीही तीच गत झाली. ‘द सर्चर्स’च्या आरंभी काळ्या पडद्यावर ‘टेक्सस १८६८’ ही अक्षरे उमटतात, अंधाऱ्या घराचे दार उघडते आणि चौकटीतून टेक्सस म्हणून दिसतात ते याच खोऱ्यातले सुळके. नॅव्हाहोंच्या इतिहासात १८६८ हे परतीचे वर्ष आहे : १८६४ पासून अमेरिकी सैन्याने हजारोंना घरांतून हुसकून, शेकडो किलोमीटर पायी चालवत, न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेडोंडो येथे डांबले होते आणि जून १८६८ च्या तहानंतरच त्यांना मायभूमीकडे परतता आले. या खोऱ्यावर कॅमेरा इतका काळ रोखलेला असूनही त्या पायपिटीला फोर्ड यांच्या चित्रपटांत जागा मिळाली नाही.

१९५८ मध्ये नॅव्हाहोंनी हा प्रदेश जमातीचे उद्यान म्हणून राखला. तेथील एका कड्याला आजही फोर्ड यांचेच नाव आहे.

१९६६ मध्ये सोल वर्थ व जॉन अडेर या अभ्यासकांनी ॲरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथील नॅव्हाहोंच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांतून तयार झालेल्या विणकामावरील लघुपटात प्रत्यक्ष विणण्याला थोडाच वेळ दिलेला आहे; विणकर स्त्री बराच वेळ मेंढ्या, लोकर आणि रंगासाठीच्या वनस्पती यांच्यामागे आपल्या रानातून चालताना दिसते.