मेंदूतलं छोटं कडं: टीबीच्या गोळ्यांपासून धीर धरण्यापर्यंत

पुतण्याला पहिली फिट आली ती सकाळी, दप्तर भरताना. उजव्या हाताला झटके सुरू झाले, तोंड वाकडं झालं आणि तो खाली कोसळला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. संध्याकाळी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेला लावून आम्ही सगळे बघत होतो. राखाडी मेंदूत डाव्या बाजूला एक पांढरं कडं, फिल्मवर मसुराच्या दाण्याएवढं. डॉक्टर म्हणाले, हे जंताच्या अळीचं कडं आहे. घरात लगेच दोन प्रश्न उभे राहिले. ऑपरेशन कधी करायचं? आणि आपण माळकरी माणसं, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग डुकराच्या मांसातला जंत पोराच्या डोक्यात गेला कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात नुसती भीती नसते, शरमही असते. 'टीनिया सोलियम' या चपट्या जंताचं आयुष्य दोन घरांत विभागलेलं असतं: डुक्कर आणि माणसाचं आतडं. डुकराच्या मांसात त्याच्या अळ्या पाण्याने भरलेल्या पिशव्यांमध्ये राहतात. दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. १८५५ मध्ये क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरने देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला असं मांस खाऊ घातलं आणि देहदंडानंतर त्याच्या आतड्यात कोवळे जंत सापडले. प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो, पण जंत आतड्यात कसा पोचतो हे त्यातून पक्कं झालं.

मेंदूतला आजार मात्र मांसातून येत नाही. आतड्यात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. उघड्यावरचं शौच, नीट न धुतलेले हात, सांडपाण्यावर वाढवलेली भाजी, अशा वाटांनी ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अंड्यातून निघालेली अळी रक्तात शिरते आणि स्नायूत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन बसते. म्हणजे डुकराला कधी हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुकराचं मांस धर्मानेच निषिद्ध आहे, तिथे असे रुग्ण सापडल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या घरांत कामाला येणाऱ्या, जंताचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्या मदतनिसांपर्यंत माग निघाला. 'कोबीतला किडा मेंदूत जातो' ही आपल्याकडची समजूतही यातूनच आलेली. कोबीतल्या अळीचा याच्याशी काही संबंध नाही. प्रश्न पानाला चिकटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा आहे, आणि तो कोथिंबिरीला, मुळ्याला, काकडीलाही तितकाच लागू आहे.

हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी आकडी येऊ लागे. १९३०च्या दशकात लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी त्यामागे ही अळी आहे हे दाखवून दिलं. पुढे १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा मोठा अहवाल निघाला. त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. अळी शरीरात गेल्यापासून पहिली आकडी येईपर्यंत अनेक वर्षं जाऊ शकतात. जिवंत अळी शरीराच्या संरक्षक पेशींना चकवत गुपचूप पडून राहते. ती मरायला लागली की तिचं सोंग उघडं पडतं, भोवती सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. स्कॅनमध्ये चमकणारं कडं ही मुख्यतः ती सूज असते. घाबरलेल्या घरच्यांना हे कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं: अनेकदा फिट येते तेव्हा अळीचा शेवट सुरू झालेला असतो.

१९७१ मध्ये लंडनमधल्या रुग्णालयात ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. हे यंत्र भारतात आलं आणि फिटच्या रुग्णांत ही छोटी कडी दिसू लागली. आपल्याकडे टीबी घरोघरचा, त्यामुळे निदान जवळपास ठरलेलं असे: टीबीची गाठ. वर्ष-दीड वर्ष टीबीची औषधं चालत, काहींची कवटीही उघडली जाई. औषधांनंतर कडं नाहीसं झालं की टीबी बरा झाला असं मानलं जाई. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. समोर जे दिसत होतं त्यावरून तो निष्कर्ष रास्तच होता.

पण १९८५ च्या सुमारास भारतीय डॉक्टरांनीच वेगळी नोंद केली. टीबीचं औषध न देता, फक्त फिटच्या गोळ्यांवर ठेवलेल्या रुग्णांचीही कडी काही महिन्यांत विरघळत होती. मग हा टीबी कसा? उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून आलं. मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत टीबीऐवजी मरत असलेल्या अळीचे अवशेष सापडले. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९९३ मध्ये त्यांनी कवटी न उघडताच फरक ओळखण्याचे निकष दिले: गोल कडं, २० मिलिमीटर किंवा त्याहून लहान, मेंदू एका बाजूला ढकललेला नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, हातापायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होत नाही. यात बसणारं कडं बहुधा अळीचं. मोठं, वेडंवाकडं, मेंदू ढकलणारं असेल तर टीबीचा किंवा आणखी कशाचा शोध घ्यायचा. माझ्या मते आपल्या देशातल्या मेंदूविज्ञानातलं हे फार मोठं काम आहे. त्यामुळे किती जणांची शस्त्रक्रिया टळली असेल, किती जणांना उगाच महिनोन्महिने टीबीची औषधं खावी लागली नसतील.

जंतनाशक द्यायचं का, हा वाद त्यानंतरही रंगला. काही चाचण्यांत अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. अळी मरतेच आहे तर तिला मारायचं कशाला, हा प्रश्न साधा आणि योग्य होता. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत अशा एकट्या कड्यासाठी अल्बेंडाझोल एक-दोन आठवडे, सूज वाढू नये म्हणून सोबत स्टेरॉइड आणि फिटचं औषध असं सुचवलं आहे. आधी डोळ्याचा पडदा तपासायचा, कारण डोळ्यात अळी असेल तर औषधाने तिथली सूज नजर घालवू शकते. मेंदूत खूप अळ्या असून सूज मोठी असेल तर जंतनाशक टाळतात. कडं जाईपर्यंत साधारण सहा-सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

रिपोर्टातल्या 'मेंदूत सिस्ट', म्हणजे पिशवी, एवढ्या शब्दांवरून मात्र काहीच ठरत नाही. अरॅक्नॉइड सिस्ट ही बहुधा जन्मापासूनची, स्वच्छ पाण्याची पिशवी. १८३१ मध्ये इंग्लिश डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी तिचं वर्णन केलं. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये ती सापडते आणि त्रास नसेल तर बहुतेक वेळा तशीच ठेवतात. कोलॉइड सिस्टचं, म्हणजे दाट चिकट द्रवाच्या पिशवीचं, तसं नाही. ती लहान असली तरी मेंदूतल्या पाण्याची वाट अडवू शकते, म्हणून तिच्यावर जास्त बारकाईने नजर लागते.

पुतण्याचं कडं १२ मिलिमीटरचं होतं. डोळे तपासले, गोळ्या सुरू झाल्या, आणि घरात जेवणाआधी साबणाने हात धुण्यावरून रोज आरडाओरडा होऊ लागला. सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म खिडकीला लावली. कडं नव्हतं. त्या जागी खडूच्या टोकाने उमटवावा तसा पांढरा ठिपका होता, अळीच्या जागी साठलेल्या कॅल्शियमचा. डॉक्टर म्हणाले, ठिपका राहिला की पुन्हा फिट येण्याची शक्यता थोडी जास्त, गोळी इतक्यात बंद करायची नाही. वहिनीने ती डबीत मोजून ठेवली, रात्रीच्या जेवणानंतरची एक.