सामी समाज आणि नॉर्डिक लुथरन चर्च (शाळा, सत्यशोधन, माफी)

सामी म्हणजे युरोपच्या पार उत्तर टोकाचे आदिवासी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प मिळून जो मुलूख होतो त्याला ते साप्मी म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'लॅप' हा शब्द सापडतो, पण तो आता अपमानास्पद धरला जातो, त्यामुळे इथे तो फक्त जुनं धोरण सांगताना एकदाच येईल. रेनडिअर पाळणं, मासेमारी वगैरे माहिती सगळीकडे मिळते म्हणून ती सोडून देतोय. ही नोंद मुख्यतः स्वीडन आणि तिथल्या लुथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चबद्दल आहे.

सामींची 'पहिली शाळा' कुठली यावर एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी उत्तर स्वीडनमधल्या लिक्सेले गावची स्क्युत्ते शाळा, साल १६३२, असं दिलेलं असतं. योहान स्क्युत्ते या सरदाराने ५००० डालर (तेव्हाचं स्वीडिश चलन) दिले आणि त्यांच्या व्याजावर शाळा चालायची. पण त्याच्या आधी उत्तरेतल्याच पितेओ गावचा पाद्री निकोलाउस आन्द्रेए सामी मुलांना शिकवत होता आणि त्याने १६१९ मध्ये स्टॉकहोमला सामी भाषेतलं पहिलं छापील साहित्य काढलं, एक अंकलिपी आणि एक उपासनेचं पुस्तक. त्यातली भाषा इतकी ओबडधोबड आहे की पाद्रीबुवांना सामी नीट येतच नव्हती असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. मला वाटतं पितेओला शिकवणं होतं आणि लिक्सेलेला संस्था झाली, म्हणून कागदपत्रांत लिक्सेले जास्त दिसते. काही असो, दोन्हीकडे हेतू एकच होता, सामी मुलांतून पाद्री आणि धर्मशिक्षक तयार करायचे. पुढे १७२३ च्या हुकुमाने सामी मुलखातल्या मुख्य चर्चपाशी शाळा ठरल्या, प्रत्येकीत सहा मुलं, दोन वर्षं. १७५५ मध्ये बायबलचा नवा करार सामीत आला तो लिक्सेलेच्या पेर फ्येलस्त्रोम यांच्या हातून. म्हणजे सामी भाषा छापखान्यात नेली चर्चनेच, हेही खोटं नाही.

दुसरी बाजू ढोलांची. सामी ढोल आपल्या डफाच्या जवळचा. लाकडी चौकट किंवा खोलगट वाटी, वर रेनडिअरचं कातडं, त्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसाने काढलेली सूर्य, देव, जनावरं, माणसं, आणि वाजवायला शिंगाची छोटी हातोडी. कातड्यावर एक कडी ठेवून वाजवायचं आणि ती सरकत कुठल्या चित्रावर जाते त्यावरून कौल घ्यायचा. चर्चच्या लेखी ही सैतानाची करणी. १६९३ मध्ये आर्येप्लोगच्या लार्स निल्सन यांना त्यांच्या ढोलासकट जाळलं. नातू बुडून मेला म्हणून त्यांनी ढोल वाजवून जुन्या देवांना साकडं घातलं, एवढाच गुन्हा. जप्त केलेले पुष्कळ ढोल जाळले गेले, कोपनहेगनला पाठवलेले बरेचसे १७२८ च्या आगीत गेले. एर्न्स्ट मांकर यांनी विसाव्या शतकात जगभर शोधून जी यादी केली तिच्यात ७१ ढोल आहेत. चित्रांचा अर्थ मात्र वादाचा आहे. खुद्द मालकाने अर्थ सांगितल्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आंदेर्स पौल्सेन यांची नॉर्वेतल्या वादसोची १६९२ मधली जबानी, पण ती कोर्टापुढे, जिवाच्या भीतीने दिलेली. त्यांनी देवांना ख्रिस्ती वेश चढवून सांगितलं असावं असं बरेच जण मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. तो ढोल डेन्मार्ककडून २०२२ मध्ये नॉर्वेतल्या कारास्योकला सामींकडे कायमचा परत आला.

योइक या सामी गाण्यालाही चर्चने पाप ठरवलं. गंमत अशी की छापलेल्या सर्वांत जुन्या दोन योइकचे शब्द आपल्याला मिळतात ते ओलाउस सिर्मा या सामी माणसाकडून, १६७३ च्या एका लॅटिन ग्रंथात, आणि हाच सिर्मा पुढे पाद्री झाला.

आता नोमॅड शाळा, म्हणजे या सगळ्यातली अजून दुखणारी जागा. १९०९ मध्ये लुलेओचे बिशप ओलोफ बेर्गक्विस्त यांनी प्रस्ताव मांडला आणि १९१३ मध्ये कायदा झाला. फिरत्या रेनडिअरपाळ सामींच्या मुलांना वेगळ्या शाळा, त्याही कोता म्हणजे झोपडीवजा तंबूत, जमिनीवर बर्चच्या डहाळ्या आणि कातडी, मधे चूल, धूर, आणि अभ्यासक्रम तोकडा. 'लॅप लॅपच राहावा' असं त्या धोरणाचं बोलीतलं नाव. पक्क्या घराची सवय झाली तर हे लोक रेनडिअर सोडतील ही भीती. जे रेनडिअर पाळत नव्हते त्यांच्या मुलांना साध्या स्वीडिश शाळेत घालून स्वीडिश करून टाकायचं, म्हणजे एकाच समाजाचे दोन तुकडे. नॉर्वेत सगळ्यांना नॉर्वेजियन बनवायचं होतं, स्वीडनमध्ये काहींना वेगळं ठेवायचं होतं, हा फरक अभ्यासक आवर्जून सांगतात. पण आठव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात गेलेल्या मुलाला या फरकाचं काय!

दोष चर्चचा की सरकारचा यावर बरीच शाई खर्च झाली आहे. कायदा संसदेचा हे खरं. पण मसुदा बिशपचा, शाळांचे पहिले इन्स्पेक्टर वितालिस कार्नेल हेही पाद्रीच, आणि स्वीडनचं चर्च २००० पर्यंत सरकारी चर्चच होतं, त्यामुळे ही वाटणी फार ताणण्यात अर्थ नाही. १९२२ मध्ये उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली, तिचे प्रमुख हेर्मान लुंदबोर्य सामींची डोकी मोजत आणि त्यांचे उघड्या अंगाचे फोटो काढत फिरले तेव्हा चर्चमधल्या नोंदवह्या आणि पाद्र्यांची ओळख कामाला आलीच.

सत्यशोधनाची सुरुवात चर्चने स्वतःच्याच दप्तरातून केली. २०१६ मध्ये दोन खंडांचा, हजारावर पानांचा 'पांढरा ग्रंथ' निघाला, चर्च आणि सामींच्या संबंधांच्या इतिहासाचा, त्यात बाहेरचे संशोधक आणि सामी अभ्यासकही होते. त्याच वर्षी नोमॅड शाळेत गेलेल्यांच्या आठवणीही पुस्तकरूपाने आल्या, आणि माझ्या मते लोकांवर परिणाम त्यांचाच जास्त झाला. मग २४ नोव्हेंबर २०२१ ला उप्साला कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप आंत्ये याकेलेन यांनी सामींची जाहीर माफी मागितली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये लुलेओला, म्हणजे सामींच्या जवळ जाऊन, पुन्हा मागितली. सोबत दहा वर्षांसाठी ४ कोटी क्रोनरचा कार्यक्रम जाहीर झाला, सामी भाषा, मुलं-तरुण, संग्रहालयांत नेलेली सामींची हाडं परत करणं अशा कामांसाठी. सगळ्या सामींनी माफी स्वीकारली असं समजू नये, आधी कृती दिसू दे म्हणणारे पुष्कळ होते.

बाकी देशांत चाल वेगळी. नॉर्वेत संसदेच्या सत्य आयोगाचा अहवाल १ जून २०२३ ला आला, फिनलंडच्या लुथरन चर्चने मे २०२५ मध्ये तुर्कूला माफी मागितली. अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चने २०१६ मध्ये 'डिस्कव्हरी सिद्धांत', म्हणजे शोध लावला म्हणून जमीन आपली हा युरोपीय दावा, नाकारला.

आपल्या बाजूने पाहिलं तर स्वीडनच्याच चर्चमधल्या एका मिशनने १८७७ पासून नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा भागात काम केलं, म्हणजे विदर्भाला लागून, गोंडांच्या मुलखात. तो स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

लिक्सेलेच्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत १९५० च्या दशकात उत्खनन झालं आणि तिथल्या २५ सामींच्या कवट्या स्टॉकहोमच्या संग्रहालयात गेल्या. ९ ऑगस्ट २०१९ ला, जागतिक आदिवासी दिनी, त्या परत आणून लिक्सेलेलाच पुरल्या.