लिम्फोमा : सुरुवातीची लक्षणे

लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन हे त्याचे दोन मुख्य गट. पहिल्याला १८३२ मध्ये या आजाराचे वर्णन करणारे इंग्रज डॉक्टर टॉमस हॉजकिन यांचे नाव मिळाले.

पहिली खूण बहुधा मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, दाढ किडली की जबड्याखाली गाठ येते. ती दुखते आणि मूळ दुखणे बरे झाले की ओसरते. लिम्फोमाची गाठ सहसा दुखत नाही, बोटाला खोडरबरासारखी लागते आणि हळूहळू मोठी होते किंवा शेजारी दुसरी उठते. दुखत नाही म्हणूनच माणूस थांबतो. संथ प्रकारांत ती काही काळ लहानही होते, तेव्हा तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. दीड सेंटिमीटरहून मोठी किंवा चार आठवडे टिकलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी. हासळीच्या हाडामागच्या खळग्यात लागलेली गाठ लहान असली तरी लगेच दाखवावी.

सोबतची तीन लक्षणे विशेष महत्त्वाची : कारण न सापडणारा ३८ अंश सेल्सिअसवरचा ताप, कपडे व चादर बदलावी लागेल इतका रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत प्रयत्न न करता दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे; म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा किलोहून जास्त. पुरळ नसताना अंगभर खाज सुटते. प्लीहा वाढली तर दोन घासांत पोट भरते. छातीतल्या गाठीने कोरडा खोकला येतो. चेहरा सुजला किंवा आडवे झाल्यावर दम लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे खरी गल्लत क्षयाशी होते. गंडमाळेत, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयातही, गाठी, ताप, घाम असतातच. त्यामुळे गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने जातात. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणूनही लिम्फोमा नाही असे ठरत नाही. सुईने घेतलेल्या नमुन्यात पेशी दिसतात, पण गाठीची रचना कळत नाही. म्हणून शक्य तेव्हा अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी. त्याआधी स्टेरॉइड घेतले तर गाठ आक्रसते आणि निदान हुकू शकते. काढलेल्या गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात), दुसरा सलाइनमध्ये पाठवायला शस्त्रक्रियेआधीच सांगावे. फॉर्मॅलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात आणि त्यांचे कल्चर करता येत नाही, म्हणजे ते प्रयोगशाळेत वाढवून तपासता येत नाहीत.