गराडू जिंकला, पण कसा?

हिवाळ्यातल्या एका रात्री आमची पंधरा जणांची टोळी इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत शिरली आणि तिथेच अडली. आधी काय खायचं? सहा जण गराडूवाले (गराडू म्हणजे तळलेला कंद), पाच दहीवड्याचे, चौघांना भुट्ट्याचा कीस हवा. हात वर झाले, गराडू जिंकला आणि उरलेले नऊ जण तोंड वाकडं करून मसाला लावलेले तुकडे चघळत बसले.

आम्ही जुन्या मराठी पुस्तकांची पानं ऑनलाइन टंकतो आणि एकमेकांच्या चुका काढतो. पगार नाही, नुसती हौस. बरीचशी मंडळी इंदूरची. बाकीची देवास, ग्वाल्हेर, पुण्यात पांगलेली. दरवर्षी तीन समन्वयक निवडतो आणि निकालानंतर दरवर्षी कुणीतरी रुसून काम सोडतं. माणसं चांगली आहेत, आपली मोजणीच वाईट आहे, हे त्या रात्री मला पटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुढची पसंती विचारली. गराडूच्या सहाही जणांची दुसरी पसंती कीस. दहीवड्याच्या पाचांचीही कीसच. कीसवाल्या चौघांची मात्र दहीवडा. आता मोजा. फक्त पहिली पसंती धरली तर गराडू. सर्वांत मागे पडलेल्याला गाळून त्याची मतं दुसऱ्या पसंतीला दिली तर कीस बाद होतो आणि दहीवडा नऊ विरुद्ध सहाने जिंकतो. आणि दोघादोघांची कुस्ती लावली तर? कीस गराडूला नऊ-सहाने लोळवतो, दहीवड्याला दहा-पाचने. मतं तीच, पोटं तीच, विजेते तीन!

अशा कुस्त्या लावण्याचा विचार फ्रेंच गणिती कोंदोर्से याने १७८५ साली मांडला आणि त्यातली अडचणही त्यानेच दाखवली. कधीकधी ‘अ’ ‘ब’ला हरवतो, ‘ब’ ‘क’ला आणि ‘क’ पुन्हा ‘अ’ला, दगड-कागद-कात्रीसारखं. १९५१ साली केनेथ ॲरोने त्याहून मोठा धक्का दिला. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर पसंतीक्रमावरून निकाल लावणारी कोणतीही रीत काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही, हे त्याने सिद्ध केलं. म्हणजे निर्दोष मोजणी शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याला कोणता दोष चालेल, एवढंच ठरवायचं, आणि तेही उमेदवारांची नावं येण्याआधी.

पसंतीक्रम आपल्याला नवा नाही. १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीत पहिल्या पसंतीची व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५ मतमूल्यं (तिथे प्रत्येक मताला ठरावीक वजन असतं) मिळाली, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. निम्म्याच्या वर कुणीच नव्हतं. मागच्यांची मतं पुढच्या पसंतीला वळवल्यावर गिरी ४,२०,०७७वर पोचले, पण रेड्डीही ४,०५,४२७पर्यंत येऊन भिडले होते.

ऑनलाइन स्वयंसेवकांमध्ये या बाबतीत मला सर्वांत आवडतात ते डेबियन ही संगणकप्रणाली घडवणारे लोक. आपला प्रकल्पप्रमुख ते दरवर्षी कुस्तीच्या पद्धतीनेच निवडतात. दगड-कागद-कात्रीचा फेरा पडलाच तर मार्कुस शुल्त्से यांच्या रीतीने सोडवतात. मतपत्रिकेवर ‘यांपैकी कुणीही नाही’ ही ओळ असते, पण ती आपल्या ‘नोटा’सारखी नुसती शोभेची नाही. तीही एक उमेदवार असते आणि तिच्याकडून हरलेला माणूस बादच होतो. शिवाय त्या ओळीच्या वर आपल्याला ठेवणारी ठरावीक मतं प्रत्येक उमेदवाराला लागतात. हा आकडा सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट. हजार सभासद असतील तर साधारण अठ्ठेचाळीस. हौशी गटात बरीच खाती झोपलेली असतात, तिथे ‘निम्मे हजर हवेत’ असा नियम केला तर निवडणूकच होणार नाही; वर्गमूळ ही मोठी शहाणी तडजोड आहे.

पण हे सारं एका जागेसाठी. आमच्या जागा तीन. चाळीस मतदार धरा: सव्वीस इंदूरचे, चौदा बाहेरचे. नेहमीच्या मतदानात सव्वीस जणांनी एकी केली की तिन्ही जागा इंदूरला. राज्यसभेच्या निवडणुकीतली एकल संक्रमणीय मतपद्धत इथे कामाला येते. मतांना जागा अधिक एक, म्हणजे चारने भागा आणि एक मिळवा: अकरा. ज्याला अकरा मतं तो निवडून आला. त्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात. चौदा जण एका नावामागे उभे राहिले तर त्यांची एक जागा कुणी हिरावू शकत नाही. इंदूरकर असूनही मी याच बाजूचा आहे, आणि त्यावरून घरात दोन दिवस चहा थंडच मिळाला.

बाकीची पथ्यं छोटी आहेत. मतदार कोण, हे निवडणूक जाहीर होण्याआधीच्या कामावरून ठरवायचं, नाहीतर एकाच माणसाची चार खाती रातोरात जन्माला येतात. पहिल्या नावाला उगाच थोडा फायदा मिळतो, म्हणून यादी प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दाखवायची. आणि मतदान गुप्तच हवं. आमच्याकडे पूर्वी सगळ्यांसमोर ‘होकार’ लिहायची पद्धत होती. पहिला होकार एखाद्या ज्येष्ठ काकांचा पडला की पुढचे बारा मुकाट्याने त्याच नावावर.

गुप्त ठेवलं तर मत नीट मोजलं गेलं हे कळायचं कसं? डेबियनमध्ये प्रत्येक मतदाराला एक सांकेतिक खूण मिळते. निकालानंतर सगळी मतं त्या खुणांसकट जाहीर होतात. आपली ओळ आपण शोधायची, इतरांना ती कुणाची हे कळत नाही. आम्ही याची रंगीत तालीम केली. यादी लागून दहा मिनिटं झाली नसतील, तोच आमच्या सर्वांत ज्येष्ठ मुद्रितशोधकांचा गटावर आनंदाने संदेश आला: ‘सापडलं! सहावी ओळ माझी. अगदी बरोबर आहे.’