किती खाल्लं आणि काय खाल्लं: वजन उतरवताना होणारी गल्लत

वजन कमी करायला निघालेल्या पुणेकरांत दोन पक्ष दिसतात. एक हिंजवडीच्या ऑफिसात जेवताना मोबाइलवर प्रत्येक घास नोंदवणारा. दिवसाच्या १५०० कॅलरी पाळल्या की झालं, मग त्या भाकरीतून येवोत नाहीतर बाकरवडीतून, असं त्याचं म्हणणं. दुसरा पक्ष सकाळी तळजाईच्या टेकडीवर भेटतो. मैदा बंद, साखर बंद, बाहेरचं बंद. घरचं साजूक तूप, गूळ, शेंगदाणे चालू. एवढं शुद्ध खातोय तर मोजायचं कशाला, असा त्याचा सवाल. दोघंही मनापासून झटत असतात. पण पहिल्याला भूक आवरत नाही आणि दुसऱ्याचा काटा हलत नाही.

आधी ‘किती’चं बघू. शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तर वजन उतरतं, यात शंका नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी २०१० साली हे स्वतःवरच करून पाहिलं. दहा आठवडे त्यांचा बराचसा आहार क्रीम भरलेले केक, चिप्स, बिस्किटं असा होता, मात्र दिवसाला १८०० कॅलरींच्या आत. वजन सुमारे १२ किलो उतरलं, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉलही घटलं. हे उदाहरण सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गळते: ते सोबत प्रोटीन शेक, जीवनसत्त्वाची गोळी आणि थोड्या भाज्याही घेत होते. शिवाय प्रयोग दहा आठवड्यांचा होता. दहा वर्षं असं खाऊन तब्येत कशी राहील, हे त्यातून कळत नाही.

तरी टेकडीवरच्या मंडळींनी यातून एवढं घ्यायलाच हवं की शुद्ध असलं तरी ते मोजलं जातंच. तेल असो वा तूप, घाण्याचं असो वा घरी कढवलेलं, एका ग्रॅमला ९ कॅलरी. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, सुमारे १२० कॅलरींचं. आता फोडणीची पळी डोळ्यांसमोर आणा. चौघांच्या उसळीत दोन पळ्या तेल की चार, हे ‘एक वाटी मटकीची उसळ’ अशी नोंद करणाऱ्या ॲपला कुठून कळणार? मिसळीचंही तेच. मोड आलेली मटकी ही फार चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावरची तर्री आणि फरसाण हिशोब कुठल्या कुठे नेतात. गुळात आणि साखरेत कॅलरींच्या बाबतीत जेमतेम फरक आहे. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम धरा, १७० कॅलरींच्या आसपास. आणि टीव्हीसमोर एका मुठीवर कोण थांबतं?

आता ‘काय’. माझ्या मते खरी गंमत इथे आहे, कारण काय खातो यावर किती खाल्लं जाईल हेच ठरतं. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, ताजं रांधलेलं. समोर मांडलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, चोथा सारखाच ठेवला होता. हवं तेवढं खा, अशी मुभा. पाकिटबंद अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, तीही भराभर. त्या दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं आणि साध्या अन्नावर साधारण तेवढंच उतरलं. कमी खा असं त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं.

आपल्या ताटात हे असं दिसतं. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, बेताच्या तेलातली वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ग्लासभर पातळ ताक: हे सगळं मिळून ५०० च्या घरात. तळलेली बाकरवडीही १०० ग्रॅमला जवळपास तेवढीच. नोंदवहीत दोन्ही ओळी सारख्या. पण भाकरी चावावी लागते, ताट संपायला वीस मिनिटं लागतात आणि पुढचे तीन-चार तास भुकेची आठवण होत नाही. बाकरवडी चहाबरोबर दहा मिनिटांत फस्त होते आणि रात्री आठला जेवायला बसताना भूक होती तशीच असते. आकडा पाळायचा तो याच आठ वाजता. तिथे निग्रहापेक्षा दुपारची उसळ जास्त उपयोगी पडते.

पचनातही थोडाफार फरक असतो. प्रथिनांमधली २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते. मेदाच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत. अख्खे बदाम खाल्ले तर त्यांतला काही मेद न पचताच बाहेर जातो. पण एवढ्यावर विसंबून मोजणं सोडू नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरतं ते वजन कशाचं? प्रथिनं कमी आणि व्यायाम नाही, अशी उपासमार केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याला हे परवडणारं नाही आणि त्याचा पुरावा पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ असलो तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. अशा माणसाने चहा-बिस्किटांवर १२०० कॅलरींचे दिवस काढले तर काटा खाली येईल, पण होते तेवढे स्नायूही तो गमावून बसेल.

म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी, मासे, पनीर किंवा दही यांपैकी काहीतरी नीट वाटीभर हवं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्यासारखा व्यायाम. तेल, तूप, दाणे, गूळ मोजून घ्या; पालेभाज्या आणि कोशिंबिरी मोजत बसू नका. काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण औषधाचा डोस तसाच राहिला तर साखर एकदम उतरू शकते.