बाहेरचा स्टिरिओ आणि उतरलेली बॅटरी

‘गाडीतला कंपनीचा सेट काढून बाहेरचा घातला की बॅटरी बसतीच,’ हे कोल्हापुरात उद्यमनगरपासून रंकाळ्यापर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. त्यात दोष सेटचा क्वचितच असतो. गोम बहुतेकदा दोन वायरींत असते.

बहुतेक सेटना पिवळी वायर कायम १२ व्होल्ट मागते. घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. तिच्यातून बंद सेट काही मिलिअँपिअरच घेतो. लाल वायरीत करंट फक्त चावी फिरवल्यावर यायला हवा. काळी अर्थिंगची. आता घाईत (किंवा चावी नसताना गाणी लागावीत म्हणून) कुणी लाल-पिवळी एकत्र पिळून टेप मारतो. मग पडदा काळा दिसला तरी आतला सेट जागाच राहू शकतो. त्यानं अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी ३५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी हिशेबानं ७० तासांत रिकामी. स्टार्टर त्याआधीच कुरकुरायला लागतो. गाडी रोज पळत असेल तर हे कळतही नाही, गाडी उभी ठेवून गावाला जाऊन आल्यावर कळतं.

गाडीकडच्या वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका. काही फोक्सवॅगन गाड्यांत कायम करंटची आणि चावीवरची या दोन जागा उलट असतात. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा: चावी काढल्यावर लाल वायरीला जोडायच्या टोकावर शून्य दिसलं पाहिजे. जोडणी करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, आणि स्पीकरची वजा वायर बॉडीला अजिबात टेकवू नका. सेटचा अँप्लिफायर जळू शकतो.