कायदा मंजूर झाला आणि कायदा अंमलात आला: या दोन तारखा वेगळ्या आहेत

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की दर वेळी तोच गोंधळ. संध्याकाळी एखादं विधेयक आवाजी मतदानाने मंजूर होतं, रात्री वाहिन्यांवर ‘नवा कायदा लागू’ अशी पट्टी फिरते, आणि पुढच्या आठवड्यात लोक कागदपत्रांची पिशवी घेऊन सरकारी कचेरीच्या खिडकीवर उभे राहतात. पलीकडचा माणूस म्हणतो, ‘आमच्याकडे असं काही आलेलं नाही.’ लोकांना वाटतं, हा टाळतोय. पण अनेकदा तो खरंच सांगत असतो. मंजूर झालेला कायदा आणि अंमलात आलेला कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधलं अंतर कधी चार महिन्यांचं असतं, कधी पन्नास वर्षांचं.

विधेयक मंजूर कसं होतं ते बहुतेकांना माहीत आहे. एका सभागृहात मांडतात, चर्चा होते, कलमवार मतदान होतं, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची संमती. राज्याचा कायदा असेल तर राज्यपालांची. धन विधेयकात, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकात, राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. ‘लोकसभेत मंजूर’ आणि ‘संसदेत मंजूर’ यातला फरक बातम्यांमध्ये सर्रास पुसला जातो, पण त्यात फार काही अडत नाही. संमती मिळाली की विधेयकाचा अधिनियम होतो आणि तो राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत प्रकाशनात, छापला जातो. इथे लोक वाचायचं थांबवतात, आणि घोटाळा नेमका इथून पुढे आहे.

कोणताही अधिनियम उघडा आणि कलम १ वाचा. हे कलम कंटाळवाणं म्हणून सगळे ओलांडून जातात. त्याच्या पहिल्या पोटकलमात कायद्याचं नाव असतं. मग तो कुठे लागू आहे ते येतं. आणि शेवटी साधारण असं एक वाक्य असतं: ‘केंद्र सरकार, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल.’ त्यापुढे बऱ्याचदा अशीही पुस्ती असते की वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिनांक नियत करता येतील. म्हणजे सभागृहाने कायदा केला, पण तो सुरू कधी करायचा हे मंत्रालयाच्या हातात दिलं. अधिसूचना, म्हणजे ती तारीख जाहीर करणारी सरकारी सूचना, निघेपर्यंत त्या कायद्यातलं कलम दाखवून तुम्हाला कुठलाही हक्क मागता येत नाही, आणि सरकारलाही त्याखाली तुम्हाला दंड करता येत नाही.

कलम १ मध्ये तारखेबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम कामी येतो. त्याच्या कलम ५ प्रमाणे केंद्राचा असा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवसापासूनच सुरू होतो. तारीख मागे नेलेलीही सापडते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाला संमती मिळाली सप्टेंबर २०१३ मध्ये, पण तो ५ जुलै २०१३ पासून अंमलात आल्याचं मानलं गेलं, कारण त्या दिवशी आधी अध्यादेश निघाला होता.

माझ्या मते कायदा करण्याची योग्य रीत म्हणजे माहितीचा अधिकार. मे २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला, १५ जून २००५ ला संमती मिळाली. माहिती अधिकारी नेमण्याचं कलम आणि आयोग स्थापण्याची कलमं त्याच दिवशी सुरू झाली. अधिकारी नेमायला शंभर दिवस दिले होते, आणि बाकीचा सगळा कायदा एकशे विसाव्या दिवशी, म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ ला, आपोआप अंमलात आला. कोणाच्या सवडीवर काही ठेवलं नव्हतं. यंत्रणा उभी करायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पैसा, माणसं, नमुने, अपिलाची सोय, हे सगळं लागतं. पण मग तो वेळ कायद्यातच लिहा. ‘सरकार ठरवेल तेव्हा’ हे कल्याणकारी कायद्यात मला अजिबात पटत नाही.

कारण त्यातून काय होतं ते पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी ८६ वी घटनादुरुस्ती डिसेंबर २००२ मध्ये झाली. तिला राष्ट्रपतींची संमतीही त्याच महिन्यात मिळाली. तो हक्क तपशिलात उतरवणारा शिक्षण हक्क कायदा संसदेने ऑगस्ट २००९ मध्ये मंजूर केला. आणि दोन्ही अंमलात आले १ एप्रिल २०१० ला. दुरुस्ती झाली तेव्हा जे मूल सात वर्षांचं होतं, ते हक्क हाती येईपर्यंत चौदा वर्षांचं झालं होतं. ‘२००२ पासून शिक्षण हा मूलभूत हक्क आहे’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आजही छापलं जातं. ते चूक आहे, आणि त्या मुलांवर अन्याय करणारंही आहे.

महाराष्ट्रातही तेच. रोजगार हमीची योजना १९७२ च्या दुष्काळापासून चालू होती, तिला कायद्याचं बळ देणारा अधिनियम १९७७ चा, आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. त्या तारखेपर्यंत काम मागणाऱ्याच्या हातात योजना होती, कायदा नव्हता. योजना शासन निर्णयाने, म्हणजे सरकारच्या लेखी आदेशाने, सुरू होते आणि तशाच आदेशाने बदलते.

काही तरतुदींना तर तारीखच मिळत नाही. वकिलांना देशभरातल्या सर्व न्यायालयांत वकिली करण्याचा हक्क देणारं १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचं कलम ३० अंमलात आलं १५ जून २०११ ला. १९९५ चा दिल्ली भाडे कायदा संसदेने मंजूर केला, संमतीही मिळाली, पण अधिसूचना कधी निघालीच नाही. सगळ्यात गंभीर उदाहरण ४४ व्या घटनादुरुस्तीचं आहे. आणीबाणीनंतर, १९७८ साली, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेवर, म्हणजे खटला न चालवता माणसाला आधीच डांबून ठेवण्यावर, बंधनं घातली. ही स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबता येत होतं, ते दोन महिन्यांवर आणलं आणि मंडळाची रचनाही बदलली. हे त्या दुरुस्तीचं कलम ३. ते आजही अंमलात नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ए. के. रॉय खटल्यात घटनापीठाने १९८१ च्या अखेरीस बहुमताने सांगितलं की, तारीख ठरवायचं काम संसदेनेच सरकारवर सोपवलं आहे, तेव्हा अमुक दिवशी कलम सुरू करा असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही. म्हणूनच मी कलम १ वाचा असं वारंवार सांगतो. तिथल्या एका वाक्याने संसदेचा निर्णय बेमुदत अडकून पडू शकतो.

तुकड्या-तुकड्यांनी अंमलबजावणी हा आणखी एक प्रकार. चार नव्या कामगार संहितांपैकी एक, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये मंजूर झाली तेव्हा ‘गिग कामगारांना सामाजिक सुरक्षा मिळाली’ अशा बातम्या आल्या. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांनी त्या एकमेकांना पाठवल्या. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये त्या संहितेतलं कलम १४२ अंमलात आलं. त्या कलमात लाभ घेणाऱ्याने आधारने ओळख पटवावी असं म्हटलं आहे. लाभ देणारी कलमं मात्र थांबून राहिली. चारही कामगार संहिता अंमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधल्या पाच वर्षांत त्या मुलांना कुणी विचारलं की तुझा हक्क कुठे आहे, तर खरं उत्तर होतं: छापील कागदावर.

नियमांचा मुद्दा याहून वेगळा आहे, त्याचीही यात सरमिसळ होते. कायदा अंमलात येतो, पण अर्ज कुठल्या नमुन्यात, कोणाकडे, किती दिवसांत, हे नियमांत असतं आणि नियम मागाहून येतात. नागरिकत्व सुधारणा कायदा १० जानेवारी २०२० ला अंमलात आला, नियम निघाले ११ मार्च २०२४ ला. पण याचा अर्थ ‘नियम नाहीत म्हणजे कायदाच नाही’ असा होत नाही. ज्या कलमाला नमुना किंवा प्राधिकरण लागत नाही, ते नियमांवाचूनही चालतं. ‘नियम यायचे आहेत’ असं खिडकीवर ऐकवलं, तर कुठल्या कलमासाठी नियम लागतात ते लेखी मागा.

तपासायचं कसं? केंद्राचा अधिनियम भारताच्या राजपत्रात भाग दोन, खंड १ मध्ये छापतात. त्याची अंमलबजावणीची अधिसूचना बहुधा भाग दोन, खंड ३, उपखंड (दोन) मध्ये येते. राजपत्राच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक कायद्यापुढे संमतीची आणि अंमलबजावणीची अशा दोन तारखा दिलेल्या असतात. दुसरी बघा. राज्याच्या कायद्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्र पाहायचं. आणि कलमवार तारखा आहेत का हे पाहिल्याशिवाय कुणाला काही सांगू नका, विशेषतः ज्याच्या पेन्शनचा किंवा दाखल्याचा प्रश्न आहे त्याला.

अधिसूचना सापडलीच नाही, तर खासदाराकडे जा. विधेयकाला पाठिंबा देऊन त्यांचं काम संपत नाही. ‘हा कायदा कोणत्या तारखेपासून अंमलात आणणार?’ असा तारांकित प्रश्न त्यांनी टाकावा, कारण तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. मंत्री ‘बाब विचाराधीन आहे’ म्हणाले, तरी लोकसभेत ते शब्द आश्वासन म्हणून धरले जातात, आश्वासन समितीकडे नोंदले जातात आणि त्यांची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते.